अंगाने भरलेले मूल आणि ६.४ हिमोग्लोबिन

सर्दी-खोकल्यासाठी आणलेल्या त्या दीड वर्षाच्या मुलाला पाहून कोणीही ते सुदृढ आहे असेच म्हटले असते. वजन ११ किलो, गाल भरलेले. पण खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू कागदासारखी पांढरी होती. हिमोग्लोबिन निघाले ६.४. या वयात ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, म्हणून चाचणी मी स्वतः पुन्हा केली. बोटाला टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा असतो आणि बोट पिळायचे नसते, कारण पिळले की रक्तात ऊतींमधले पाणी मिसळून आकडा खोटाच खाली येतो. शिबिरांच्या घाईत हे पथ्य सर्रास मोडले जाते. दुसऱ्यांदाही आकडा तोच आला. नाडी जलद असली तरी धाप नव्हती, यकृत वाढलेले नव्हते, म्हणजे हृदय थकल्याची लक्षणे नव्हती, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांशी बोलून रक्त न चढवता लोहाचे औषध तोंडाने द्यायचे ठरले.

‘काय खातो?’ असे विचारले की ‘सगळं खातो’ हेच उत्तर मिळते, म्हणून मी आदल्या दिवशी सकाळपासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेले ते क्रमाने विचारतो. उत्तर होते दूध, दूध आणि रात्री पुन्हा बाटलीतून दूध, मिळून जवळजवळ १ लिटर. वडील हे अभिमानाने सांगत होते. दुधात लोह जेमतेम असते, त्यातले कॅल्शियम इतर अन्नातले लोह नीट शोषू देत नाही आणि पोट भरल्यामुळे मूल घास घेत नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो. नेमकी तेव्हापासून डाळी, हिरव्या भाज्या, अंडी, मांस यांची सवय लागायला हवी होती.

लोहाचे औषध या घरात आधीही आले होते, हे नंतर कळले. चार दिवसांत शी काळी झाली आणि वडिलांनी बाटली बंद केली. “पोटात काही बिघडलं असं वाटलं,” ते म्हणाले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. शी काळी होणारच, हे एक वाक्य बाटली देणाऱ्याने सांगितले नव्हते. आमच्या नोंदवहीत बाटली दिल्याचा रकाना आहे. ती संपली का, याचा नाही. शिवाय आहाराचे सगळे समुपदेशन आम्ही आईला करतो. दूध किती द्यायचे आणि औषध कधी थांबवायचे हे मात्र या घरात वडील ठरवत होते.

म्हणून या वेळी मापाची टोपी वडिलांच्याच हातात दिली. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह, दोन जेवणांच्या मध्ये, दुधाबरोबर कधीही नाही. दुधाची बाटली बंद आणि दूध निम्म्याहून कमी. महिन्याने हिमोग्लोबिन ८.१ झाले. आठवडाभरातच मूल भूक लागली म्हणून रडू लागले, हे वडिलांना आकड्यापेक्षा जास्त पटले. आता थांबवू का, असे त्यांनी विचारलेच. आकडा पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी आणखी ३ महिने औषध लागेल, हे पुन्हा समजावले.

त्याच दिवशी आईची तपासणी केली. ती पुन्हा गरोदर आहे आणि तिचेही हिमोग्लोबिन कमीच, ८.८ आहे. तिच्या लोहाच्या गोळ्यांवर कोण लक्ष ठेवते, असे विचारल्यावर मुलाचे औषध मिलिलिटरपर्यंत मोजणारे वडील म्हणाले, “ते तिचं ती बघते.” पुढच्या भेटीला दोघांनाही एकत्र यायला सांगितले आहे.