गूगल असताना पाठ कशाला?

दर जूनला शाळा सुरू झाल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा वाद पेटतोच, की सगळं गूगलवर मिळतं तर पोरांना पाढे नि सनावळ्या पाठ कशाला करायला लावायच्या, नुसतं समजलं की झालं. ऐकायला मस्त वाटतं. पण समजणार कशाच्या जोरावर?

परळला मी संध्याकाळी काही पोरांचा अभ्यास घेतो. त्यातला सातवीतला एक जण धडा वाचताना ओळीओळीला अडखळतो आणि तोच पेपरमधली रणजीची बातमी सरसर वाचून वर मलाच समजावतो, "सर, फॉलोऑन दिला असता तर चौथी बॅटिंग आपल्यावर आली असती ना, पिच तुटलेलं!" (फॉलोऑन म्हणजे रनांमध्ये खूप मागे पडलेल्या टीमला लगेच पुन्हा बॅटिंगला उतरवणं.) बातमीत हे कुठेच नव्हतं, हे त्याच्याकडचं, शिवाजी पार्कात मॅचेस बघून बघून आलेलं.

अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी १९८८ साली नेमकं हेच तपासलं होतं, फक्त तिथे बेसबॉल. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली पोरं, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्यांपेक्षा मजकूर चांगला सांगू शकली. कारण साधं आहे, एका वेळी डोक्यात चार-पाच गोष्टीच मावतात. फॉलोऑन माहीत असेल त्याला ती एकच गोष्ट, नाहीतर त्या एका शब्दात सगळे नियम कोंबलेले, आणि ते गूगल करून येईपर्यंत आधीचं वाक्य गेलेलं असतं.

ऑसुबेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच सांगून ठेवलंय की शिकणाऱ्याला आधीपासून काय येतं ते शोधा आणि तिथून शिकवा. बरोबर आहे, पण जे येतं तेच कधीकधी आडवं येतं. १/८ मोठं की १/४? बरीच पोरं बिनधास्त १/८ सांगतात, कारण आठ चारापेक्षा मोठा हे पहिलीपासून पक्कं बसलंय (आणि ते चूकही नाही म्हणा). तिथे नियम घोकून काही होत नाही. मी विचारतो, पाव किलो फरसाण जास्त की सव्वाशे ग्रॅम? यात कोणी चुकत नाही, वर हसतात. मग किलोचे चार भाग, आठ भाग त्यांनाच करायला लावायचे, पाव किलोसमोर १/४ आणि सव्वाशेसमोर १/८ लिहायचं आणि दोन मिनिटं गप्प बसायचं, भांडतात आपापसात.