‘दुखून राहिलं’ म्हणजे जुडलं नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागपुरात धंतोलीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत प्लॅस्टर निघालेला माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच: ‘मॅडम, अजून दुखून राहिलं नं, म्हणजे हाड जुडलं नाही का?’ पूर्वी मी ‘जुळतंय, घाबरू नका’ म्हणायची आणि कामाला लागायची. मग एका पावसाळ्यात अंबाझरी रोडवर गाडी घसरली आणि माझंच मनगट मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. रात्री दोन वाजता मीही तेच विचारत होते, आणि तेही अस्सल नागपुरीत.

हाड म्हणजे आत रोवलेली काठी, अशी आपली समजूत असते. पण हाडाला वरून एक पातळ आवरण असतं, पेरिऑस्टियम, आणि त्यात नसांचं दाट जाळं असतं. (आपल्याकडे रक्ताची शीरही ‘नस’ आणि मज्जातंतूही ‘नस’, घोळ तिथूनच सुरू होतो. मी मज्जातंतूंबद्दल बोलतेय.) मोडल्यावर जी जीवघेणी कळ येते, ती मुख्यतः या आवरणातून. आता गंमत बघा. मोडलेल्या जागी एनजीएफ नावाचं प्रथिन वाढतं आणि त्याच कळ देणाऱ्या नसांना नवे धुमारे फुटतात. ते भरून येणाऱ्या कच्च्या हाडाकडे, कॅलसकडे, सरकतात. नसांच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हाड घडवणाऱ्या पेशींना चालना मिळते. म्हणजे जी नस बोंब मारते, तीच गवंड्याला विटाही पोचवते.

उंदरांमध्ये एनजीएफचा निरोप घेणारा नसेवरचा दरवाजा, ट्रकए, औषधाने बंद करून पाहिला. ताणाने तडा गेलेल्या हाडात रक्तवाहिन्या कमी शिरल्या आणि ते सावकाश भरलं. सगळ्या प्रयोगांचे निकाल असे एकाच दिशेचे नाहीत, नुसता एनजीएफ अडवूनही उंदरांची हाडं जुळल्याचं दिसलं आहे. माणसांत मात्र एनजीएफ अडवणारं टॅनेझुमॅब नावाचं औषध सांधेदुखीसाठी आणायचा घाट होता. दुखणं कमी झालं, पण काही रुग्णांचे सांधेच भराभर झिजले, आणि 2021 मध्ये कंपन्यांनी ते सोडून दिलं.

नस गेली की काय होतं, ते मला कोणत्याही पुस्तकापेक्षा इतवारीतल्या एका काकांनी जास्त शिकवलं. धान्याचं दुकान, जुनी शुगर. पाऊल सुजून लाल, हाताला गरम लागत होतं. ‘दुखत काहीच नाही जी, म्हणून आलो नाही.’ तीन आठवडे दुकानात उभे होते. एक्स-रेत पावलाच्या मधली बारीक हाडं मोडून सरकलेली. 1868 मध्ये फ्रान्समध्ये शार्को नावाच्या डॉक्टरांनी असेच सांधे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या आजारात पाहिले होते, म्हणून आजही त्याला शार्कोचं पाऊल म्हणतात. आता त्याचं मोठं कारण मधुमेह. कळ नाही म्हणून माणूस चालत राहतो, हे अर्धंच. नसा बिघडल्या की हाडातला रक्तपुरवठा आणि जुनं हाड खरवडण्याचा वेगही बिघडतो.

विदर्भातल्या माणसाला हे खरं तर नवं नसावं. वरोऱ्याचं आनंदवन आपल्यापासून किती लांब? कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण म्हणतो, पण जंतू आधी नस मारतो. मग चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि बोटाचं हाड आतल्या आत विरत जातं.

उलटंही होतं. रिंग रोडवर अपघात झालेला विशीतला एक मुलगा माझ्याकडे होता: डोक्याला जबर मार आणि मांडीचं हाड मोडलेलं. मांडीचा कॅलस इतका जाडजूड, इतक्या लवकर आला की आई खूश. मेंदूला मार लागलेल्यांत हे बऱ्याचदा दिसतं, डॉक्टरांना ते कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. पण मग त्याचं कोपर वाकेना. ते मोडलंच नव्हतं! स्नायूंमध्ये, नको तिथे, हाड धरलं होतं. अशा वेळी घरच्यांनी मालिशवाला बोलावला की मला रागच येतो. तसं कोपर जोर लावून दाबू नये.

तर तुमचं दुखणं. व्यायामानंतर ठणकतं आणि थोड्या वेळाने शांत होतं, ते मी चालू देते. बरेच महिने झाले आणि वजन टाकताच नेमक्या मोडल्या जागी कळ येते, तर पुन्हा एक्स-रे. हात सुजून चकाकतो, घाम फुटतो, नुसती बाही घासली तरी आग होते, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तिथे नसच बिथरलेली असते आणि हाडही पातळ होत जातं.

परवा महालातल्या काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, ‘मंग गोळी घेऊ का नको, तेवढं सांगा नं.’ घ्या, म्हटलं. तेवढ्याने नसा मरत नाहीत, आणि रात्री झोप नाही लागली तर सकाळी तुम्ही मला हाताला हातही लावू देणार नाही. कोणती आणि किती दिवस, ते तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा.