प्रिंटची तिसरी फेरी: डीपीआयचं भूत उतरलं एकदाचं

फोटो प्रिंट करायच्या मागच्या दोन फेऱ्यांत बराच कागद वाया गेला, त्यामुळे या वेळी आधी पिक्सेल मोजायचे आणि मगच प्रिंटला हात लावायचा असं ठरवलं होतं.

पहिला घोळ माझाच. फाइल 6000 x 4000 ची, प्रॉपर्टीजमध्ये 72 डीपीआय (दर इंचाला किती ठिपके) दिसलं म्हणून घाबरून फोटोशॉपमध्ये 300 टाकलं, पण रिसॅम्पलची (पिक्सेलची संख्याच बदलणारी) टिक काढायची राहिली आणि बघतो तर फोटो 25000 पिक्सेल रुंद, कॉम्प्युटर जागच्या जागी बसला! टिक काढून तेच 300 टाकलं तर फाइलमधला एक पिक्सेलही हलत नाही, फक्त साइज 20 x 13.3 इंच दिसायला लागते. म्हणजे तो आकडा नुसती चिठ्ठी आहे, माल वेगळाच. आता मी डीपीआय बघतच नाही, लांब बाजूचे पिक्सेल भागिले इंच, झालं.

खरी परीक्षा खंड्याच्या फोटोची होती. तो लांबून काढलेला, क्रॉप करून करून 2400 x 1600 उरला. 12 x 8 इंच काढला तर 200 पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) मिळतात, हातात धरून बघायलाही ठीक. पण मला भिंतीवर 18 x 12 हवा होता, तिथे 133 च येतात. मग फाइल 5400 x 3600 पर्यंत वाढवली (म्हणजे 300 पीपीआय), डोळा आणि चोच येईल असा 1800 x 1200 चा तुकडा कापला आणि तेवढाच 6 x 4 वर काढला, म्हणजे मोठ्या प्रिंटमध्ये तो भाग जसा दिसणार अगदी तसाच, पण छोट्या कागदात. एका तुकड्यावर शार्पनिंग (कडा ठळक करणं) कमी, दुसऱ्यावर जास्त. स्क्रीनवर जो करकरीत, थोडा अतीच वाटत होता तोच कागदावर बरा निघाला, कारण शाई थोडी पसरते, मॅट म्हणजे बिनचमकीच्या कागदावर तर जास्तच. नाकाशी धरला तर पिसं मऊ दिसतात, पण दीड मीटरवरून तो मऊपणा अजिबात कळत नाही (भिंतीवरच्या फोटोला नाक लावून कोण बघतं, आपल्यासारखे सोडून).

फ्रेम 10 x 8 ची घेऊन ठेवली होती तो दुसरा गाढवपणा. 3:2 चा फोटो त्यात बसवायचा तर लांबीतला सहावा हिस्सा जातो, म्हणजे खंड्याची शेपूट गेली असती. फ्रेम बाजूला ठेवली.

जेपेगचं म्हणाल तर क्वालिटी 12 वरून (फोटोशॉपमध्ये हीच सगळ्यात जास्त) 10 वर आणली, फाइल जवळपास निम्मी झाली आणि प्रिंटमध्ये मला फरक सापडला नाही. मात्र तीच जेपेग उघड, एडिट कर, परत सेव्ह कर असं करत राहिलं की आकाशात चौकोन दिसायला लागतात, म्हणून मास्टर (मूळ फाइल) टिफमध्ये, म्हणजे परत परत सेव्ह करून दर्जा न घसरणाऱ्या प्रकारात ठेवलाय आणि प्रत्येक साइजसाठी त्यातूनच नवीन एक्सपोर्ट करतो, एसआरजीबीमध्ये (रंगांचं सगळीकडे चालणारं प्रमाण). मेसेजिंग अॅपवरून परत आलेली कॉपी तर प्रिंटच्या आसपासही फिरकू देत नाही.

प्रिंट अजून काळपट येतायत. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल होता हे काल लक्षात आलं, तो निम्म्याच्या खाली आणलाय आणि फोटो परत एडिट करतोय. तोवर खंड्याचे दोन्ही तुकडे टेपने भिंतीवर लावून ठेवलेत, येता जाता बघतो.