काळा दोरा

स्पेनमधल्या आल्मेरियाहून ग्रानादापर्यंतची सुमारे 200 किलोमीटरची मोझाराबे ही यात्रेकरूंची वाट मी आणि माझी नणंद चाललो, ती रोग्यांची सेवा करणाऱ्या संत जॉन ऑफ गॉड यांच्या सणाला ग्रानादात पोचण्यासाठी. पण कोणत्या दिवशी कोणते गाव लागले, हे आता मला नीट सांगता येणार नाही. कोरडी नदीपात्रे, भिंतींवरचे वाट दाखवणारे पिवळे बाण आणि ग्वादिक्सला मातीच्या टेकड्यांत कोरलेली घरे एवढेच डोळ्यांपुढे येते. चढ लागला की नणंद मोठ्याने रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, सुरू करी आणि मला धाप लागलेली असतानाही प्रत्येक ‘नमो मरिया’ला तिला माझा प्रतिसाद हवा असे. त्या वेळी मला प्रार्थनेचाच राग येई, आणि राग आला म्हणून पुढचा मैलभर अपराधी वाटत राही.

ला पेसाला पोचलो त्या दुपारी माझ्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. दारात बसलेल्या एका वृद्ध बाईंनी काही न विचारता मला स्वतःच्या खुर्चीत बसवले, कोमट मिठाचे पाणी आणले आणि जमिनीवर गुडघे टेकून, टाचेला चिकटलेला मोजा अगदी सावकाश सोडवला. मग सुई ज्योतीवर धरून त्यांनी फोडातून काळा दोरा आरपार ओवला आणि पाणी झिरपत राहावे म्हणून त्याची दोन्ही टोके बाहेर ठेवली. वॉर्डात 22 वर्षे काढलेली मी हातवारे करून सांगत होते, की दोरा आत ठेवू नये, त्यातून जंतू शिरतात. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटले आणि पाय पुसायला घेतला. रोग्यांचे पाय मी रोज धुते, पण आईनंतर माझा पाय असा कोणी मांडीवर घेतला नव्हता. नणंदेने पैसे पुढे केले, तेव्हा त्या चक्क रागावल्या.

ग्रानादाच्या राजेशाही इस्पितळात वेडा म्हणून कोंडलेल्या जॉन यांनी स्वतः चाबकाचे फटके खाल्ले होते. सुटल्यावर त्यांनी लाकूडफाटा विकला, रोग्यांना पाठीवर वाहून आणले आणि रात्री खांद्यावर टोपली, गळ्यात दोरीला दोन मडकी अडकवून, “भावांनो, स्वतःचेच भले करा,” अशी हाक देत ते भिक्षा मागत फिरले. 1549 मध्ये त्याच इस्पितळाला आग लागली, तेव्हा आतल्या रोग्यांना बाहेर काढायला तेच धावले. नर्सिंग शिकत असल्यापासून मला हे सारे ठाऊक होते. तरी देणाऱ्याचेच भले कसे होते, हे केंतारच्या वाटेवर, दर पावलाला तो दोरा मोज्यात घासत असताना, मी पहिल्यांदाच मनापासून विचारात घेतले.

ग्रानादाचा आल्हांब्रा किल्ला दुरून दिसला. 8 मार्चला, म्हणजे 1550 साली जॉन ज्या दिवशी वारले त्याच दिवशी, त्यांच्या चर्चमध्ये, बासिलिकेत, त्यांच्या अस्थींपुढे ला पेसाच्या बाईंसाठी मी मेणबत्ती लावली. बाहेर पायरीवर नणंद म्हणाली, “वहिनी, पाय इकडे कर.” तिने बूट काढला, मोजा उतरवला. फोड बसला होता, भोवती लालीही नव्हती. ती पिशवीत कात्री शोधू लागली आणि मी ‘नमो मरिया’ सुरू केले.