ड्यूकसाहेबांचं तारण

रविवार, रात्री पावणेबारा

सकाळी लवकर उठायचंय, दोन डबे आहेत, तरी बसलेय लिहायला कारण मोबाईलवर वाचत होते ती ख्रिस्ती प्रेमकादंबरी आत्ता संपली. या महिन्यातली चौथी. आणि चौथ्यांदा नायकाचं, म्हणजे बडे इंग्रज सरदार ड्यूकसाहेबांचं तारण, म्हणजे देवाकडे मन वळणं, शेवटून तिसऱ्या प्रकरणात झालं.

कोणाला सांगायची सोय नाही. नवरा म्हणतो इंग्लंडच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या श्रीमंत पोरींची लग्नं जमतात की नाही याच्याशी आपल्याला काय देणंघेणं. मुलगी म्हणते आई, हे म्हणजे चर्चवाली सिरीयल. तसं बघितलं तर तिचं काही चुकत नाही.

पण मला आवडतात. ख्रिस्ती कादंबऱ्या म्हणून आवडतात, म्हणजे नायक नायिकेचा हात धरतो तोही हातमोज्यावरून, आणि तेवढ्यावर चाळीस पानं निघतात. काळ रीजन्सीचा. राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला म्हणून 1811 च्या फेब्रुवारीत मुलाला रीजंट म्हणजे कारभारी नेमलं, ते 1820 मध्ये म्हातारा जाईपर्यंत, नऊच वर्षं. पण लेखिका लोक मागेपुढे वीस वर्षं सहज ताणतात. नायिका बहुतेक पाळकाची मुलगी नाहीतर अनाथ, तिला कोणी आत्या लंडनला सीझनसाठी, म्हणजे लग्नं जुळवायच्या नाच-पार्ट्यांच्या दिवसांत घेऊन जाते, मग अल्मॅक्समधला बॉल. ही किंग स्ट्रीटवरची जागा, दर बुधवारी नाच, पास कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या मोजक्या बड्या बायका, आणि रात्री अकराला दार बंद, मग कोणी का असेना. खायला काय तर ब्रेड-बटर आणि लिंबाचं सरबत, दारू नाही. म्हणजे आमच्या संडे स्कूलच्या गॅदरिंगसारखंच की, फक्त हिरे जास्त.

आज चर्चमध्ये उपासनेनंतर सूचना झाल्या त्यात पाळकांनी एका लग्नाची नोटीस वाचली, अमुक यांचे चिरंजीव आणि तमुक यांची कन्या, कोणाची हरकत असल्यास कळवावे. मुलीची आई माझ्या पुढच्याच बाकावर, पदर सारखा करत खाली बघत होती. मला एकदम लंडन आठवलं. तिकडे 1753 चा कायदा होता, लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचायची, नाहीतर लायसन्स काढायचं. श्रीमंत लोक लायसन्सच काढायचे, आपलं नाव भाजीवाल्याच्या नावाबरोबर कोण वाचून घेणार. लायसन्सवर लग्न करायचं आणि वय एकवीसच्या आत तर बापाची परवानगी पाहिजे, म्हणून पळून जाणारे सरहद्द ओलांडून स्कॉटलंडमध्ये ग्रेटना ग्रीनला जायचे, तिथे हा कायदा लागू नव्हता. आणि लग्न सकाळी आठ ते दुपारी बाराच्या आतच लावायचं. आमच्याकडे इंग्रजांनीच 1872 ला ख्रिस्ती लग्नाचा कायदा केला त्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात. एवढं तरी उदार झाले, इथलं ऊन बघून असेल.

मंगळवार

काल लिहिलं नाही. आज थोडी भांडणं लिहून काढते, पोटात ठेवली तर पचत नाहीत.

एक, त्या बाकांचं. नायिका उपासनेत मान वळवते आणि पलीकडे ड्यूकची नजर भेटते. अगं बाई, त्या काळात बड्या घरांचे बाक म्हणजे लाकडी खोल्याच असायच्या, दार लावलेल्या, छातीएवढ्या उंच भिंती, काहींच्यात तर शेगडी. आत बसलं की पाळक सोडून काही दिसायचं नाही. नजर कुठून भेटणार? गरिबांना मागे साधी बाकडी, त्यांना सगळं दिसत असेल.

दोन, गाणं. एका कादंबरीत नायिका बागेत अमेझिंग ग्रेस हे ख्रिस्ती भक्तिगीत गाते आणि ड्यूक झाडामागे उभा राहून ऐकतो. शब्द ठीक आहेत, जॉन न्यूटनने 1772 च्या शेवटाला लिहिले, 1779 ला छापले. पण लेखिकेने वर्णन केलंय ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची चाल, आणि ती चाल त्या शब्दांना लागली अमेरिकेत 1835 ला. म्हणजे पोरगी पुढच्या पिढीची चाल गातेय. मला हे कळल्यापासून तो सीन वाचताना हसूच येतं, ड्यूक बिचारा गंभीर.

तीन, आणि हे खरं भांडण. या कादंबऱ्यांतले लोक दोन गटांत, विश्वासणारे आणि न विश्वासणारे. तिकडे तसं नव्हतंच. ड्यूकपासून मोलकरणीपर्यंत जवळजवळ सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला, बहुतेक रविवारी चर्चला, जुगारातली रात्र संपवून सुद्धा. चर्चमध्ये असणं हा रीतीरिवाज होता. मनापासून देवाचं नाव काढलं की लोक अवघडायचे, एन्थुझियास्ट म्हणायचे, आणि ती तेव्हा शिवी होती. मेथडिस्ट, म्हणजे तसल्याच कळकळीच्या भक्तांच्या पंथातला, ही त्याहून मोठी. त्यामुळे ड्यूकचा खरा प्रश्न देव आहे की नाही हा नसणार, क्लबातले मित्र हसतील का हा असणार. असा एक सीन मला चारही पुस्तकांत मिळाला नाही. एकदम गुडघे टेकतो, डोळ्यात पाणी, आणि पुढच्या पानावर मागणी घालतो.

आणि नायिकेला एकदाही शंका येत नाही की हा देवाकडे आलाय की माझ्याकडे.

गुरुवार, दुपारी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत

मला 1785 चा डिसेंबर सापडल्यापासून डोक्यातून जात नाहीये. रीजन्सीच्या पंचवीस वर्षं आधीचा आहे, पण माणसं तीच.

7 डिसेंबरला विल्यम विल्बरफोर्स, वय 26, पार्लमेंटचा मेंबर, पैसेवाला, गाणारा, सगळ्या पार्ट्यांत हवाहवासा, लंडनमध्ये जॉन न्यूटनला भेटायला गेला. हाच न्यूटन, अमेझिंग ग्रेसवाला, आधी गुलामांच्या जहाजाचा कप्तान, मग पाळक. देवाचं काय करायचं हे विल्बरफोर्सला विचारायचं होतं, पण कोणी बघितलं तर, या भीतीने तो त्या चौकात एकदोन चकरा मारत राहिला, मग कुठे आत जायचा धीर झाला. हे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. मला त्या चकरा फार आवडतात. खरा सीन हा आहे. दार समोर आहे आणि माणूस चौकात फिरतोय. आणि आत कोणी मुलगी वाट बघत नाहीये, एक म्हातारा पाळक आहे. विल्बरफोर्सचं लग्न पुढे 1797 ला झालं, बाथ नावाच्या गावात बार्बरा स्पूनरशी ओळख एप्रिलमध्ये आणि लग्न 30 मेला, जेमतेम सहा आठवडे! इतक्या घाईत कादंबरीतलेही करत नाहीत. पण देवाकडे तो बारा वर्षं आधीच जाऊन बसला होता, बायकोसाठी नाही. मग गुलामांच्या व्यापाराविरुद्ध वीस वर्षं लढला, 1807 च्या फेब्रुवारीत पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात तो बंद करायच्या बाजूने 283 विरुद्ध 16 मतं पडली तेव्हा हा बाकावर बसून रडत होता.

आणि त्याच 1785 च्या डिसेंबरात, 15 तारखेला, म्हणजे बरोब्बर आठ दिवसांनी, त्याच लंडनमध्ये, एका बाईच्या दिवाणखान्यात दार लावून एक चोरून लग्न झालं. बाई मारिया फिट्झहर्बर्ट, दोनदा विधवा झालेली आणि कॅथलिक. नवरा प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजेच पुढचा रीजंट, ज्याच्या नावाने हा सगळा काळ आणि माझ्या सगळ्या कादंबऱ्या! कॅथलिकशी लग्न केलं तर गादी जाणार असा कायदा, आणि बापाच्या परवानगीशिवाय केलं तर लग्नच रद्द असा 1772 चा दुसरा कायदा. म्हणजे कागदावर ते लग्न नव्हतंच. 1795 ला कर्ज फेडायला म्हणून त्याने सरकारमान्य राजकन्येशी दुसरं लग्न केलं आणि त्याची जी माती व्हायची ती झाली. माणूस म्हणून तो काही आदर्श नाही, खादाड, उधळ्या, बाईलवेडा. पण 1830 ला मेला तेव्हा मारियाचं छोटं चित्र गळ्यात घालूनच त्याला पुरलं, तशी त्याची इच्छा होती.

म्हणजे या काळाला ज्याचं नाव आहे त्याचीच गोष्ट विजोडाची. ती ख्रिस्ती रोमान्समध्ये कोणी घेणार नाही, घेता येणारच नाही, कारण त्यात कोणाचंच मन वेळेत पालटत नाही.

डबा गार झाला.

शनिवार

विजोड हा शब्द मी आधी मावशीच्या तोंडून ऐकला, पवित्र शास्त्रात नंतर वाचला. दुसऱ्या करिंथकरांच्या सहाव्या अध्यायात आहे, विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडी जमवू नका. बैल वेगळ्या उंचीचे असले की जू तिरकं होतं तसं.

मावशी नर्स होती, नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात. आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून, पण त्यांची पहिली माणसं मुंबईला उतरली ती 1813 च्या फेब्रुवारीत, म्हणजे अल्मॅक्समध्ये नाच चालू होते तेव्हाच. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला बघत होतं, मिशनरी आले तर धंदा बिघडेल म्हणून, आणि त्याच वर्षी तिकडे विल्बरफोर्स पार्लमेंटात भांडून मिशनऱ्यांसाठी हिंदुस्थानचं दार उघडायला लावत होता. त्यातला गॉर्डन हॉल मुंबईतच राहिला, 1816 ला इथेच एका इंग्रज मुलीशी लग्न केलं, दहा वर्षांनी नाशिककडे फिरतीवर असताना कॉलऱ्याने गेला. तो काही ड्यूक नव्हता, त्यामुळे कव्हरवर येणार नाही.

तर मावशी. एक शिक्षक होते, हिंदू, त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं तिथली ओळख. माणूस लाखात एक असं ती अजून म्हणते. ते चर्चमध्ये लग्न करायला तयार होते, बाप्तिस्म्यालाही तयार. हिने विचारलं, तुमचा विश्वास आहे का. ते म्हणाले, तुमच्यासाठी हो म्हणेन, पण ते खोटं होईल.

संपलं. एवढंच. कादंबरी असती तर इथून पुढे दोन प्रकरणं, ताप येणं किंवा घोड्यावरून पडणं, आणि मग प्रार्थना. इथे माणूस खरं बोलला म्हणून लग्न झालं नाही, आणि खरं बोलला म्हणूनच ती त्याला आयुष्यभर चांगलं म्हणते. कितीतरी वर्षं त्यांच्या बहिणीकडून दिवाळीला करंज्यांचा डबा यायचा. मावशी डबा रिकामा परत पाठवायची नाही, नाताळचा केक घालून पाठवायची. त्यात महिना दीड महिना जायचा तरी कोणी डबा मागायला आलं नाही.

आज तिच्याकडे गेले होते. गुडघे दुखतात, टीव्ही आवडत नाही, म्हणून माझा जुना टॅब नेला आणि त्यात एक कादंबरी घालून दिली, ती बाग आणि गाणंवाली. इंग्रजी तिला चांगलं येतं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात जन्म गेला. कव्हर बघून म्हणाली, हिला थंडी वाजत नसेल का गं एवढ्या उघड्या गळ्याची. मग विचारलं, गोष्ट काय आहे. मी थोडक्यात सांगितली.

"तो विश्वास ठेवतो का शेवटी?"

"ठेवतो की. ठेवावाच लागतो, तसंच असतं यांचं."

"कितव्या पानावर?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण चष्मा पुसत खरंच वाट बघत होती. मी पुढे सरकवत शोधलं, म्हटलं दोनशे एकाहत्तर.

"बरं," म्हणाली, "मग दोनशे सत्तरपर्यंत वाचते. अक्षर मोठं करून दे जरा."

करून दिलं. मोठं केल्यावर पानांचे आकडे सगळे बदलले, ते तिला सांगितलं नाही.