कोडियाकराईच्या चिखलात एक रात्र

मुंबईहून तंजावरपर्यंत रेल्वे, पुढे बसने वेदारण्यम, तिथून रिक्षा. मिठागरं दिसू लागली की तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचं कोडियाकराई आलंच. पायात ओळखीची कडी घालायला पक्षी जाळीत धरायचे होते. चांदण्यात त्यांना जाळी दिसते, म्हणून अमावास्येची रात्र धरली होती. पोटरीभर पाण्यात उभे होतो.

"काका, टॉर्च खाली धरा ना." सांगलीची एक संशोधक मुलगी जाळीत अडकलेला पाय अलगद सोडवत होती. निघाला छोटा टिलवा. चिमणीएवढाच जीव. पंख, चोच, नडगी मोजून झाल्यावर तिने त्याच्या पायात ॲल्युमिनियमची कडी घालून पकडीने मिटवली. बाळाला वाळा घालणाऱ्या आजीसारखी, श्वास रोखून. कडीवर क्रमांक, आणि पक्षी सापडल्यास आपल्या मुंबईच्या बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा, अशी सूचना.

या कामाची सुरुवात माकडांच्या मरण्यातून झाली. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मेली, माणसंही दगावली. गोचिडीतून पसरणारा तो विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जातकुळीतला निघाला. तो पक्ष्यांबरोबर तर आला नाही ना, हे बघायला डॉ. सालीम अलींनी १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने कड्या घालायचं काम हाती घेतलं.

मग जाळीत कर्ल्यू सँडपायपर आला, बाकदार चोचीचा. पंखावरच्या पिसांना फिकट पिवळसर कडा, म्हणजे या वर्षीचंच पिल्लू. सैबेरियाच्या टुंड्रात लेमिंग हे उंदरासारखे प्राणी घटले की कोल्हे या पक्ष्यांच्या अंड्यापिल्लांवर तुटून पडतात, आणि त्या हिवाळ्यात इतक्या दूर दक्षिणेत अशी पिल्लं कमी दिसतात. तिकडचा उन्हाळा कसा गेला ते इथल्या चिखलात उभं राहून कळतं! मी तर थक्कच झालो. नुसता थवा मोजून किती आले एवढंच समजतं. त्यात पिल्लं किती, म्हातारे किती, हे पक्षी हातात घेतल्यावर नक्की कळतं. २०२४ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत या जातीचा धोका आणखी एका पायरीने वाढला. अशा वेळी निधी संपला म्हणून कड्या घालणाऱ्या एखाद्या केंद्राचे दोन हिवाळे कोरे गेले, तर ती नोंद पुन्हा कधीच मिळत नाही. मला याची फार काळजी वाटते.

पहाटे आणखी एक टिलवा आला. पायात आधीचीच कडी, घासून गुळगुळीत झालेली. भिंगातून आकडे वाचले, वही चाळली. "काका, हा आपलाच!" तीन हिवाळ्यांपूर्वी, याच मिठागराच्या कडेला घातलेली.

वजन करून तिने त्याला चिखलावर ठेवलं. क्षणभर तो तसाच उभा राहिला, चार पावलं पळाला आणि 'टिट्' करून अंधारात गेला.