पैशांचा तास सक्तीचा असावा का?

"तुम्ही गणित शिकवता, तर सांगा, माध्यमिक शाळेत अर्थसाक्षरता सक्तीची असावी का?" हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. असावी, असे माझे मत आहे. परंतु 'बचत करा, उधळपट्टी टाळा' एवढाच उपदेश होणार असेल, तर विद्यार्थी त्या तासाला पेंगतील आणि त्यांचे काही चुकणारही नाही.

शिकवायचे आहे ते व्याजाचे गणित. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा 3 टक्के व्याज असेल, तर वर्षाचे किती, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी 36 टक्के म्हणतात; व्याजावरचे व्याज धरले, की हा आकडा 42 टक्क्यांच्या पुढे जातो आणि काहीच न फेडल्यास थकबाकी दोन वर्षांत दुप्पट होते. त्याहून फसवा प्रकार फ्लॅट व्याजदराचा. 10 टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचे मुद्दल दर हप्त्याला कमी होत जाते, व्याज मात्र अखेरपर्यंत मूळ रकमेवरच आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला, तर तोच दर जवळजवळ 18 टक्के भरतो. हे उदाहरण ज्याने स्वतः वहीत सोडवले आहे, तो जाहिरातीतला दर वाचून निदान 'हिशेब कोणत्या पद्धतीचा?' असे विचारील.

सक्तीला विरोध करणाऱ्यांकडे पुरावा आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर या संशोधकांनी 2014 मध्ये 201 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अशा शिक्षणाने माणसामाणसांच्या आर्थिक वर्तनातील तफावतीचा जेमतेम 0.1 टक्का भाग स्पष्ट होतो आणि शिकलेले काळाबरोबर विरत जाते, असे त्यांना आढळले. पुढे 2022 मध्ये कायझर आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या 76 यादृच्छिक प्रयोगांत (म्हणजे कोणाला शिकवायचे, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या प्रयोगांत) मात्र ज्ञान आणि वर्तन या दोन्हींवर अनुकूल परिणाम दिसला. विरून जाण्याचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा विषय शाळेच्या अखेरच्या वर्षी ठेवावा, कारण पहिला पगार किंवा शैक्षणिक कर्ज तेव्हा दाराशी आलेले असते.

तासिका कुठून आणायच्या, ही अडचण मला फारशी मोठी वाटत नाही. शतमान आणि भूमिती श्रेढी अभ्यासक्रमात आहेतच, त्यांतली उदाहरणे बदलावीत. माझा आग्रह आहे तो पाठ्यसाहित्याबाबत. कर्जे आणि विमा विकणाऱ्या संस्था शाळांना पुस्तिका फुकट द्यायला तयार असतात, आणि त्यांत विमा का घ्यावा हे सविस्तर असले, तरी एजंटाचे कमिशन किती हे बहुधा नसते. अशा पुस्तिका वर्गात जरूर आणाव्यात, पण तपासण्यासाठी.